तळघराच्या जनरेटरचा अर्ज परत का येतो?

7 मे 2025 च्या हवाई हल्ल्यापासून बचावाच्या मॉक ड्रिलनंतर बऱ्याच सोसायट्यांना आपलं बेसमेंट आठवलं. भोंगा वाजला की खाली जायचं, इथवर ठीक. पण लाइट गेल्यावर तिथले दिवे, हवेचे पंखे आणि पाणी उपसणारा पंप कशावर चालणार? बहुतेक जण डिझेल जनरेटरवर येऊन थांबतात.

याचा अर्ज वीज कंपनीकडे नाही, राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे जातो. आधी नकाशे मंजूर करून घ्यायचे, मग सेट बसवायचा, मग तपासणी. लोक नेमकं उलटं करतात. दिवाळीच्या सवलतीत सेट घेतात आणि चौथरा बांधून झाल्यावर कार्यालयात जातात.

सर्वसाधारण सभेचा ठराव, सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा), परवानाधारक ठेकेदाराचे कागद, शुल्काचं चलन हे सगळं ठेकेदार जमवतो. खरं घोडं अडतं ते वीजबिलावरच्या नावात. सोसायटी नोंदवून वर्षं लोटली तरी सामाईक मीटर बिल्डरच्याच नावावर असतो. अर्जदार एक, ग्राहक दुसरा, फाइल परत. नाव बदलायला बिल्डरची सही मागतात आणि बिल्डर फोन उचलत नाही. रोज जिन्यातला दिवा लावणारे रहिवासी मात्र कागदोपत्री परके! म्हणून हे काम सगळ्यात आधी काढा.

मंजूर नकाशात बेसमेंट ‘पार्किंग’ असेल तर अर्जात ‘निवारा’ लिहू नका, वापरबदलाचा नवाच वाद उभा राहतो. ‘सामाईक आपत्कालीन भार’ पुरे. भाराच्या यादीत पंपाचा चालू होतानाचा प्रवाह धरा. 5 एचपीची मोटर थेट सुरू केली तर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते.

जुना सेट स्वस्तात मिळतो, कागद मिळत नाहीत. 800 किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना 1 जुलै 2023 पासून सीपीसीबी-4 प्लस हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं धुराचं मानक लागू आहे. त्याचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वीच घ्या. तपासणीत जनरेटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग आणि चेंजओव्हर स्विच (भार कंपनीच्या विजेवरून जनरेटरवर वळवणारा) पाहतात. एकाच खड्ड्यातून दोन पट्ट्या काढून ‘दोन’ म्हणणारे ठेकेदार आहेत, तेव्हा स्वतः खाली जाऊन बघा.

डिझेल विनापरवाना 2500 लिटरपर्यंत ठेवता येतं, एका टाकीत 1000 लिटरपेक्षा जास्त नाही. आणि सेट बेसमेंटमध्येच बसवायचा हट्ट नको. जिथे माणसं बसणार तिथेच त्याचा धूर साठेल, आणि पावसाचं पाणी शिरलं तर पंपाआधी जनरेटरच बुडेल.