हिमवादळ येणार हे कळले. आपल्या गावात किती?

१२ जानेवारी १८८८ रोजी सकाळी अमेरिकेतील डाकोटा आणि नेब्रास्काच्या माळरानांवर हवा जानेवारीच्या मानाने चांगलीच उबदार होती. मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली, शेतकऱ्यांनी गुरे बाहेर सोडली, आणि मग वायव्येकडून आलेल्या वाऱ्याने काही मिनिटांत सारा मुलूख बर्फाच्या भुकटीत बुडवून टाकला. या वादळात सुमारे २३५ जण दगावले असे मानले जाते, आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती.

अंदाज मात्र चुकला नव्हता. सेंट पॉल येथील लष्करी हवामान कार्यालयाने थंडीची लाट येत असल्याची आणि वाऱ्याने बर्फाचे ढीग साचतील अशी सूचना दिलेली होती. ती तारेने शहरांत पोचली, आणि अशा वेळी पांढऱ्या कापडावर मधोमध काळा चौकोन असलेला इशाऱ्याचा झेंडा उभारण्याची पद्धतही होती. पण तारेच्या टोकापासून कित्येक मैल दूर असलेल्या एकाकी घरातून तो झेंडा दिसणार कसा? हिवाळी वादळांच्या अंदाजाचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि एका गावाला त्या अंदाजाचा नेमका काय उपयोग झाला हा प्रश्न त्यात मागे पडतो.

त्या काळची पद्धत सरळ होती. १८७० मध्ये अमेरिकी लष्कराच्या सिग्नल सेवेकडे हवामानाच्या नोंदींचे काम सोपवण्यात आले आणि १ नोव्हेंबर रोजी २४ ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेल्या नोंदी तारेने पाठवल्या गेल्या. या प्रदेशात हवामान बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून पश्चिमेच्या केंद्रांवर हवेचा दाब उतरू लागला की पूर्वेला इशारा द्यायचा. पूर्व किनाऱ्यावर हे गणित लंगडे पडे, कारण तिथली मोठी हिमवादळे समुद्रालगत बळावतात आणि समुद्रात तारघर नसते. १८८८ च्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये पावसाचे मध्यरात्रीनंतर बर्फात रूपांतर झाले, सुमारे ५३ सेंटिमीटर बर्फ साचला, तारा तुटल्या आणि वॉशिंग्टनशी संपर्कच राहिला नाही. १८९१ मध्ये हे काम लष्कराकडून नागरी खात्याकडे गेले, पण किनाऱ्याची अडचण तशीच राहिली.

ही वादळे मुळात का बळावतात, याचे पटणारे चित्र पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गन येथे तयार झाले. थंड आणि उबदार हवेच्या सीमेला ‘आघाडी’ हे युद्धभूमीवरचे नाव तिथेच मिळाले. १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर पहिले अंदाज काढले गेले, तेव्हा २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले. पुढे वेग वाढला, उपग्रह आले, तरीही फेब्रुवारी १९७९ मध्ये वॉशिंग्टनवर कोसळलेल्या वादळाचा जोर संगणकी अंदाजांत नीट उतरला नाही. मार्च १९९३ चे वादळ मात्र सुमारे पाच दिवस आधीच दिसले, आणि काही राज्यांत तर बर्फ पडू लागण्यापूर्वीच आणीबाणी जाहीर करता आली.

वादळ येणार की नाही, हा प्रश्न तेव्हापासून बऱ्याच अंशी सुटला. गावाचा प्रश्न मात्र वेगळा असतो: आमच्याकडे पाऊस, गोठणारा पाऊस की बर्फ, आणि किती? जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवर शून्य अंशाच्या वर तापमान असलेला हवेचा पातळ थर असला तरी हिमकण वितळतो. खालच्या थंड थरात तो पुन्हा गोठला तर टणक गोळ्या पडतात, तो थर उथळ असेल तर थेंब जमिनीवर आदळून मगच गोठतो. ढोबळ हिशेबाने एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ होतो, पण ओलसर, जड बर्फ याहून बराच कमी भरतो आणि कोरडा, भुसभुशीत बर्फ बराच जास्त. तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी रस्त्यावर मीठ टाकायचे की बर्फ ढकलणारे नांगर बाहेर काढायचे, हा निर्णय बदलू शकतो.

जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कसाठी दोन-तीन फूट बर्फाचा अंदाज होता आणि भुयारी रेल्वेही बंद ठेवली गेली. वादळाची वाट थोडी पूर्वेकडे सरकली. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच बर्फ पडला, तर तिथून सत्तरएक किलोमीटरवर लाँग आयलंडवरील आयस्लिपमध्ये जवळजवळ २५ इंच. अंदाज साफ फसला, असे शहरात म्हटले गेले. आयस्लिपच्या रहिवाशांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. माझ्या मते चूक वाटेच्या अंदाजाइतकीच तो एका ठाम आकड्यात सांगण्यातही होती. थोड्या वेगळ्या सुरुवातीपासून एकाच वादळाचे अनेक अंदाज काढण्याची पद्धत १९९२ पासून नित्याच्या वापरात होती, आणि त्यांतला विखुरलेपणा लोकांपुढे मांडता आला असता. अलीकडे स्थानिक कार्यालये किमान आणि कमाल शक्यतेचे नकाशेही देतात.

या नकाशांची पडताळणी मात्र अजूनही हाताने होते. गावातला स्वयंसेवक मोकळ्या जागी पांढरी फळी ठेवतो, तिच्यावर साचलेला बर्फ पट्टीने मोजतो, फळी पुसून पुन्हा ताज्या बर्फावर ठेवतो आणि आकडा कार्यालयाला कळवतो. ही फळी सहा तासांतून एकदाच पुसायची असते, कारण ती वारंवार पुसली तर बर्फ दबायला वेळ मिळत नाही आणि बेरीज फुगते.