'अं' की 'युन'? आमच्या मराठी-फ्रेंच चित्रपुस्तकांबद्दल थोडं

पुस्तक घरी पोचलं की चार-आठ दिवसांत हमखास निरोप येतो: "एका पानावर 'अं' छापलंय, दुसऱ्यावर 'युन'. छपाईची चूक आहे, बदलून द्या." काही जण तर पुस्तक परतही पाठवतात. म्हणून आधीच सांगतो, ती चूक नाही. फ्रेंचमध्ये नाम एकतर पुल्लिंगी असतं, नाहीतर स्त्रीलिंगी, नपुंसकलिंग नाहीच. 'एक' या अर्थाचा छोटा शब्द पुल्लिंगी नामाआधी 'अं', स्त्रीलिंगी नामाआधी 'युन' असा येतो. आम्ही पहिलं निळ्या आणि दुसरं नारिंगी अक्षरांत छापतो, ते याचसाठी.

खरं नुकसान होतं ते हा छोटा शब्द गाळून वाचल्यामुळे. मांजराच्या चित्रावर बोट ठेवून नुसतं 'शा', घरावर नुसतं 'मेझों'. मूल भराभर शब्द म्हणू लागतं, घरचे खूश होतात. पण पुढे 'लहान' हे विशेषण आलं की गाडी अडते. लहान मांजर 'अं पती शा', लहान घर मात्र 'युन पतीत मेझों'. नुसती नामं पाठ केलेल्या मुलाला मग एकेका शब्दाचं लिंग नव्याने घोकावं लागतं. 'मोठी खुर्ची', 'मोठं टेबल' हे आपली मुलं नियम शिकून बोलत नाहीत, कानावर पडतं तसं उचलतात. फ्रेंचमध्येही तसंच होऊ द्या. मराठीवरून अंदाज मात्र बांधू नका. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे, पण आपला 'तो' चंद्र फ्रेंचमध्ये 'ती' होतो.

इंग्रजी 'द'सारखे पुल्लिंगी 'ल' आणि स्त्रीलिंगी 'ला' का घेतले नाहीत, असंही विचारतात. पुढचं नाम स्वराने सुरू झालं की दोन्हींचं नुसतं 'ल्' उरतं: झाड 'लार्ब्र', चांदणी 'लेत्वाल'. लिंग कळायला मार्गच नाही. 'अं नार्ब्र', 'यु नेत्वाल' म्हटलं की लगेच कळतं.

देवनागरीत उच्चार द्या, ही मागणी तर कायमचीच. इथे समजावण्यापुरते दिले आहेत, पुस्तकात देणार नाही. 'युन'मधला स्वर मराठीत नाही. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आतून 'ई' म्हणा, म्हणजे तो जमेल. छापील 'यु' वाचून तो कधीच येणार नाही. त्यासाठी प्रत्येक पानावर क्यूआर कोड आहे. आधी ऐकवा, मग मुलाबरोबर तुम्हीही म्हणा.

एका बैठकीला दोन पानं पुरेत. मराठी शब्द मुद्दाम दुमडीखाली झाकला आहे; चित्र पाहून मुलाला आठवू द्या, अडलं तरच दुमड उघडा.

संचात 'घर' आधी घ्या, मग 'प्राणी'. विशेषणांचं तिसरं पुस्तक पहिली दोन 'अं'-'युन'सकट तोंडात बसल्यावरच मागवा, घाई नको. पान फाटलेलं किंवा शिवण सुटलेली निघाली, तर पुस्तक विनातक्रार बदलून देऊ.