घ, ध आणि वर्गातला टॅब

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलं वह्या-पुस्तकं घेऊन बसणार. साडेआठला दुसरा भोंगा. करोनाकाळात ऑनलाइन वर्गासाठी दिलेला फोन शाळा उघडल्यावरही हातातून सुटेना, म्हणून गावाने हा मार्ग काढला. आणि याच सातारा-सांगली भागात कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही, टॅब घेतलेत. संध्याकाळी जी वस्तू बंद करायची, तीच सकाळी वर्गात मुलांपुढे. पालक गोंधळले तर नवल नाही.

पहिलीतलं मूल घ आणि ध वेगळे ओळखायला कसं शिकतं, ते आधी बघू. फरक एवढासाच: घच्या डोक्यावर सलग रेघ, धची तुटलेली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात करिन जेम्स यांनी वाचता न येणाऱ्या, पाचेक वर्षांच्या १५ मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी काही अक्षरं हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही टाइप केली. मग एमआरआय यंत्रात त्यांना तीच अक्षरं दाखवली. वाचनाशी संबंधित मेंदूचे भाग उठून दिसले ते स्वतः हाताने काढलेली अक्षरं बघताना. कारण असं सांगतात, की मुलाने काढलेले दहा घ दहा तऱ्हेचे असतात. कोणता वेडेवाकडेपणा चालतो आणि कुठे अक्षरच बदलतं, हे मेंदू त्यातून शिकतो. कळ दाबली की दर वेळी तोच छापील घ. (गिरवलेली अक्षरंही मागेच पडली, हे आपल्या बालवाड्यांनी जरूर मनावर घ्यावं. ठिपके जोडण्यात महिने घालवण्यापेक्षा पाटीवर मोकळं लिहू द्या.)

मुलं थोडी, अक्षरं रोमन. एवढ्यावरून फार ताणायला नको. पण २०२४मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेत मोजले, तेव्हाही हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला संवाद टाइप करण्यापेक्षा कितीतरी जास्त आढळला. आणि ते विद्यार्थी लिहीत होते टचस्क्रीनवरच, डिजिटल पेनने! म्हणजे दोष काचेला देता येत नाही. हात वळतो की नाही, यावर बरंच ठरतं.

गणिताचंही तसंच. ५२ वजा २७ केल्यावर मूल ३५ लिहितं. त्याने हातचा घेतलाच नाही, सातातून दोन काढून मोकळं झालं. स्मार्ट टीव्हीवरचा व्हिडिओ या मुलासाठी थांबत नाही. दिल्लीत २०१५मध्ये माइंडस्पार्क या भारतीय प्रणालीची चाचणी झाली, तीत मुलं लॉटरीने निवडली होती. सहावीत आलेली मुलं गणितात दोन-अडीच इयत्ता मागे. संगणकाने प्रत्येकाला त्याच्या पातळीचेच प्रश्न दिले, कुठे चुकतं ते हेरलं. रोज ४५ मिनिटं संगणक, ४५ मिनिटं छोट्या गटात माणसाकडून शिकवणी. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती लॉटरी न लागलेल्यांच्या साधारण दुप्पट झाली.

उलट, पेरू देशाने ग्रामीण शाळांत मुलांना नुसते लॅपटॉप वाटले. सव्वा वर्षाने तीनशेवर शाळा तपासल्या, तर लॅपटॉप मिळालेली मुलं गणितात आणि भाषेत न मिळालेल्यांच्या पुढे गेलेली नव्हती. शेजाऱ्याच्या स्क्रीनने लक्ष विचलित होतं म्हणणाऱ्या मुलांना २०२२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत गणितात सरासरी १५ गुण कमी पडले, तो तोटा वेगळाच.

माझ्या दारात उद्या कुणी शाळेच्या टॅबसाठी वर्गणी मागायला आलं, तर मी देईन. फक्त आधी विचारेन: मुलाने ३५ लिहिलं, तर हे यंत्र पुढे काय करतं?