कापडाची टोपली घरी शिवायची आहे? आधी हा कागद वाचा, मग कात्री घ्या

नमस्कार ताई, माई, आणि दादा पण, कारण आता बरेच दादा सुद्धा मशीनवर बसायलेत. तुम्ही आमच्याकडून अर्धा मीटर वरचं कापड आणि अर्धा मीटर अस्तर असा जोड नेलात त्याच्यासोबत हा कागद ठेवलाय. दुकानात गर्दी असली की धड सांगणं होत नाही, तुम्हाला बस गाठायची असते, मग घरी गेल्यावर फोन येतो की टोपली शिवली पण उभीच राहीना, म्हणून सगळं एकदा लिहूनच काढलं.

टोपली उभी राहते ती वरच्या कापडामुळं नाही, आतल्या थरामुळं. वरचं कापड दिसण्यासाठी, अस्तर आतून शिवण झाकण्यासाठी, आणि दोघांच्या मधी जे असतं ते टोपलीचं हाड. बरेच जण महागातलं जाड कापड मागतात, सोफ्याचं, पडद्याचं, आणि मधी काहीच घालत नाहीत, मग कोपऱ्यात शिवण इतकी जाड होते की सुई तुटते, आणि टोपली तरी ढिल्लीच राहते. आम्हाला जाड कापड विकण्यात काही नुकसान नाही, पण या कामाला साधं सुती केसमेंट, दोसुती किंवा चांगलं मांजरपाट पुरतं, खणाचं कापड तर फारच सुंदर दिसतं.

मधी काय घालायचं याचे तीन रस्ते आहेत. एक साधं बकरम (शर्टाच्या कॉलरमधी असतं तसं कडक कापड), दुसरं इस्त्रीनं चिकटणारं ज्याला आपण पेस्टिंग म्हणतो, आणि तिसरं तुमच्याच घरात पडलेलं, जुनं सुती लुगडं नाहीतर धोतर. साध्या बकरमचा कडकपणा खळीचा असतो, पाण्यात गेलं की खळ निघून जाते आणि ते मऊ पडतं. हे आम्ही एका गिऱ्हाईक ताईंना सांगितलं नव्हतं, त्यांनी लेकीच्या बाळाचे लंगोट ठेवायला टोपली शिवली, हौसेनं शिवली, आणि बाळाचं म्हटल्यावर आठवड्यात धुतली, तर ती वाळत घातल्यावर पिशवीसारखी लोंबायला लागली. त्या दुकानात घेऊन आल्या आणि काउंटरवर ठेवून म्हणल्या, "कामून असं झालं ओ, मी तर तुम्ही दिलं तेच घातलं की." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चूक आमची होती, विचारायला पाहिजे होतं की धुवायची आहे का. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला आधी तेच विचारतो. रिमोट, औषधं, चार्जर, शिवणाचं सामान असल्या टोपलीला साधं बकरम चालतं कारण ती कोण धुतंय, नुसती झटकायची. धुवायची असेल तर पेस्टिंग घ्या, नाहीतर तिसरा रस्ता.

तिसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो. आमच्या मायनं आयुष्यभर वाकळा शिवल्या, जुनं लुगडं चौघडी अंथरायचं, चारी कोपऱ्यावर काहीतरी जड ठेवायचं आणि कडेकडेनं धावदोरा घालत घालत मधाकडं यायचं. ती दोन बोटांच्या मधी कापड धरून सुईवर एकदम चार-पाच टाके भरायची आणि मग दोरा ओढायची, ओढल्यावर अंगठ्यानं तो भाग पुसल्यासारखा सारखा करायची म्हणजे चुणी राहत नाही. मऊ झालेलं लुगडं, जे एकेरी धरलं तर आरपार दिसतं, ते चार थर आणि अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोरा झाला की पुठ्ठ्यासारखं नाही पण चांगलं दमदार होतं, आणि कितीही धुवा, त्याचा दम जात नाही कारण तो खळीचा नसतो, दोऱ्याचा असतो. टोपलीला तेच करायचं. चार थर, फार जुनं विरलेलं असेल तर पाच, वरच्या कापडाच्या उलट बाजूला लावून आडवे धावदोरे, हातानं किंवा मशीननं मोठ्या टाक्यावर. वरून रेघा दिसतात त्या दिसू द्या, छानच दिसतात.

आता मापं. कापड आणलं की लगेच कापू नका, रात्रभर पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, नवीन कापडाला खळ पण असते, आणि वरचं कापड जास्त आटलं नि अस्तर कमी तर पुढं धुतल्यावर टोपली आतून फुगते. लाल, मरून, गडद निळं असेल तर वेगळ्या बादलीत, खणाच्या कापडाचा पण रंग जाऊ शकतो म्हणून कोपरा ओला करून पांढऱ्या चिंधीवर घासून बघा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटी एकदा चांगल्या पाण्यातून काढा, नाहीतर गडद कापडावर पांढरे डाग धरतात. वाळलं की इस्त्री, आणि लाईट जायचा भरवसा नसतो म्हणून इस्त्रीची सगळी कामं आधी उरकून घ्या, पायमशीन काय लाईट नसली तरी चालतं.

माप काढायची रीत एकदा समजली की कुठल्याही मापाची टोपली होते. तळाची लांबी अधिक तळाची रुंदी अधिक १ इंच, ही तुकड्याची आडवी बाजू. उंची अधिक तळाच्या रुंदीचा अर्धा अधिक १ इंच, ही उभी बाजू. आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यातून तळाच्या रुंदीच्या अर्ध्या मापाचा चौकोन कापून टाकायचा. शिवण सगळीकडं अर्धा इंच धरलीय. समजा टोपली पाहिजे तळाला ८ बाय ६ आणि उंच ७, तर तुकडा १५ बाय ११ चा, आणि कोपऱ्यातले चौकोन ३ इंचाचे. असे वरच्या कापडाचे २, अस्तराचे २. कडीसाठी, म्हणजे टोपली धरायच्या पट्ट्यासाठी, ४ बाय १० च्या दोन पट्ट्या. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ३६ इंच असो की ४४, अर्ध्या मीटरमधी हे सगळं बसतं आणि थोडं उरतं.

भाकरीची टोपली करायची असेल तर आधी तुमची भाकर टेपनं मोजा, आपल्याकडं भाकर मोठी असते. तळ ९ बाय ९ आणि उंची ४ धरली तर तुकडा १९ बाय साडेनऊ, चौकोन साडेचार इंचाचा. याला ३६ पन्ह्यात अर्धा मीटर फार ओढूनताणून होतं, पाऊण मीटर न्या. आणि भाकरीच्या टोपलीत पेस्टिंग घालू नका ही आमची कळकळीची विनंती, गरम भाकर ठेवल्यावर वाफ सुटते, ती सुती थरांनी पिऊन घेतली पाहिजे, चिकटवलेल्या थराला ते जमत नाही आणि खालची भाकर ओली होते. बांबूच्या दुरडीत आपण भाकरीखाली फडकं घालतो ते त्याच्यासाठीच. येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात जाताना अशी टोपली नेली तर भज्जीसोबत (त्या दिवशीच्या मिसळ भाजीसोबत) खायची भाकर मऊ राहते, आमच्या घरी दरवर्षी हीच नेतात.

कापताना उभा धागा, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर जातो तो, टोपलीच्या उंचीत येऊ द्या, तिरपं कापलं तर टोपली एका अंगाला कलते आणि मग कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. पेस्टिंग लावणार असाल तर ते शिवणीत येऊ देऊ नका, कापडापेक्षा चारी बाजूनी अर्धा इंच लहान कापा, म्हणजे १५ बाय ११ ला १४ बाय १०, कोपऱ्यातला चौकोन मात्र ३ चाच राहतो. इस्त्री घासू नका, दाबून धरा, उचला, पुढं ठेवा. साधं बकरम किंवा लुगड्याचे थर चिकटत नाहीत म्हणून ते पूर्ण मापाचे ठेवून शिवणीत घ्यायचे.

सुई १६ नंबरची लावा. रोजच्या ब्लाउजची ११ नंबरची सुई इथं वाकते, आणि वाकलेली सुई खाली पट्टीवर आपटून तुटते, तुकडा उडून डोळ्याकडं येऊ शकतो. टाका थोडा मोठा ठेवा, इंचाला आठ टाके पुरे. जाड जागा आली की पायडल सोडा आणि चाक हातानं फिरवा.

वरच्या कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आतून समोरासमोर ठेवून दोन बाजू आणि तळ शिवा. कापलेले चौकोन तसेच उघडे राहतात. मग तो चौकोन हातात घ्या आणि बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून बसवा, दोन्ही शिवणी बरोबर एकावर एक आल्या पाहिजेत, एकीची माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) डावीकडं नि दुसरीची उजवीकडं पाडा म्हणजे जाडी वाटून जाते, मधी टाचणी लावा आणि सरळ टीप मारा, दोन्ही टोकाला मागंपुढं करून पक्की करा. हा कोपरा झाला की चपट्या पिशवीची एकदम पेटी होते, पहिल्यांदा शिवणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय आनंद येतो तो आम्ही दुकानात बघितलाय, कारण कित्येक जणी पहिला कोपरा आमच्या मशीनवर बसून करून जातात. तुम्हीही या, दुपारी २ ते ४ दुकान मोकळं असतं.

अस्तर पण असंच, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तळाच्या शिवणीत मधी ५ इंच जागा न शिवता सोडा, तिथूनच टोपली उलटवायचीय. ३ इंच सोडली तर बकरम मोडून मोडून बाहेर काढावं लागतं आणि त्याच्या घड्या कायमच्या दिसतात. दुसरं, बाजूची शिवण वर तोंडाला अर्धा इंच सुरू करून खाली येता येता एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त घ्या, तळाला पण एक सूत जास्त, म्हणजे अस्तर आत किंचित लहान होतं आणि गोळा न होता ताठ बसतं. वर तोंडाला मात्र माप बदलू नका, नाहीतर दोन्ही तोंडं जुळणार नाहीत.

कडीच्या पट्टीच्या दोन्ही कडा मधात आणून परत दुमडा, १ इंचाची होते, दोन्ही कडेनी टीप मारा. ६ इंचाच्या बाजूला, शिवणीच्या दीड इंच डावीकडं आणि दीड इंच उजवीकडं तिची टोकं ठेवून वरच्या कापडाच्या सुलट बाजूवर कच्ची टाचून घ्या, कडी खाली लोंबती पाहिजे. इथं बरेच जण फसतात, कडी वर तोंड करून लावतात आणि ती आत अस्तरात अडकून बसते.

आता वरची टोपली सुलटी, अस्तर उलटंच. टोपली अस्तराच्या आत घाला, सुलट बाजू सुलटीला भिडली पाहिजे, बाजूच्या शिवणी जुळवून टाचण्या लावा आणि तोंडाला गोल अर्ध्या इंचावर टीप मारा. घरच्या मशीनला बाही शिवायचा वेगळा हात नसेल तर आतली बाजू वर ठेवून थोडं थोडं सरकवत जा, घाई नको. कडीवरून दोनदा टीप. मग अस्तराच्या त्या ५ इंचातून सगळं हळूहळू बाहेर ओढा, जागा शिवून बंद करा, अस्तर आत दाबून बसवा, कोपऱ्यात बोट घालून बाहेर ढकला, कडेला इस्त्री दाबा आणि काठापासून पाव इंचावर वरून एक टीप. ही शेवटची टीप चुकवू नका, तिच्यानं तोंड ताठ राहतं आणि अस्तर वर डोकावत नाही.

अजून एक, कुणी कुणी संभाजीनगरहून आणलेलं हिमरू (रेशीम-सुताचं नक्षीदार कापड) घेऊन विचारायला येतात. होते टोपली, पण हिमरूच्या मागच्या बाजूला मोकळे धागे असतात ते अडकून ओढले जातात, म्हणून त्याला मागून आधी मांजरपाट लावून घ्या आणि ती टोपली धुवायची नाही. जुनी पैठणी मात्र कृपा करून कापू नका, काठ सुटला असेल तर रफू करणारे आहेत, आमच्याकडं आणा, आम्ही पत्ता देतो.

कापड न कापलेलं, न भिजवलेलं असेल तर बदलून मिळेल. बकरम, पेस्टिंग कापून दिलेलं परत घेता येत नाही. जोड घेतला की तुकडे आम्ही फुकट कापून देतो, फक्त वर सांगितलं तसं कापड आधी घरून भिजवून, वाळवून आणा. शिवताना कुठं अडलं तर अर्धवट टोपली आहे तशी घेऊन या, उसवून बघू.

आणि कोपऱ्यातून कापलेले ३ इंचाचे ८ चौकोन फेकू नका. दोन घेऊन उलटे शिवा, एक बोटभर जागा ठेवून सुलटं करा, बाकीच्या चिंध्या बारीक कापून आत गच्च भरा आणि तोंड हातानं शिवून टाका. टाचण्या टोचून ठेवायची गादी होते, पुढच्या टोपलीच्या वेळी टाचण्या शोधत बसावं लागणार नाही.