उलटीची इंजेक्शनं परत आणण्याआधी

(ऑपरेशनच्या यादीची औषधं आमच्या मेडिकलमधून नेणाऱ्या नातेवाइकांसाठी)

पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर आला, डोळे उघडून बोलला, उलटी काही झाली नाही. तासाभरात घरातलं कुणीतरी पिशवी घेऊन काउंटरवर येतं: "ही उलटीची इंजेक्शनं लागलीच नाहीत, परत घ्या." आम्ही घेतो. रात्री दहाला तीच व्यक्ती धावत येते, कारण पेशंटला ढवळू लागलंय आणि सिस्टरनी तेच इंजेक्शन मागवलंय. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा बिल, आणि तिकडे पेशंट टाके धरून ओकतोय.

भुलीनंतरची मळमळ पहिल्या 24 तासांत केव्हाही येऊ शकते. सुरुवातीच्या दोनेक तासांत मुख्यतः भुलीच्या गॅसमुळे होते. पुढे कारणं बदलतात. संध्याकाळी दुखायला लागलं की सलाइनमधून ट्रॅमाडॉल जातं, त्याने पोट ढवळतं. पेशंटला पहिल्यांदा उठवून बसवलं की गरगरतं. आणि ओटीत दिलेल्या ऑन्डॅनसेट्रॉन या उलटीच्या इंजेक्शनचा (बहुतेक जण त्याला 'एमेसेट' म्हणूनच ओळखतात) जोर तोवर ओसरत आलेला असतो. म्हणून दुपारी कोरडा राहिलेला पेशंट रात्री उलटी करतो. यात हॉस्पिटलचं काही चुकलेलं नसतं.

"एका उलटीसाठी तीन-तीन प्रकार कशाला? दुकान चालावं म्हणून?" हे आम्हाला तोंडावर विचारलं जातं, म्हणून सांगतो. यादी भूलतज्ज्ञ लिहितात, आम्ही नाही. उलटीचा निरोप मेंदूकडे एकाच वाटेने जात नाही आणि प्रत्येक गटातलं औषध वेगळी वाट अडवतं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांवर पेशंटच्या एका मोठ्या अभ्यासात ऑन्डॅनसेट्रॉन असो की डेक्सामेथासोन, प्रत्येकाने धोका साधारण पाव हिश्शाने कमी केला. जोडीला दुसरं दिलं की आणखी कमी झाला. शिवाय ऑन्डॅनसेट्रॉन देऊन सहा तास व्हायच्या आत उलटी झाली, तर तेच पुन्हा देऊन फारसा उपयोग होत नाही, दुसऱ्या गटातलं द्यावं लागतं. यादीतलं ते 'जास्तीचं' अँप्युल (इंजेक्शनची काचेची कुपी) बऱ्याचदा त्यासाठीच असतं. किमतीचं म्हणाल तर ऑन्डॅनसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. त्यातून दुकान चालत नाही.

डेक्सामेथासोनचं नाव मोबाइलवर शोधून "अहो, हे तर स्टिरॉइड आहे!" म्हणत येणारेही बरेच. आहेच. पण ऑपरेशनच्या सुरुवातीला दिलेला तो एकच डोस असतो, महिनोन्महिने चालणारी गोळी नव्हे. मात्र मधुमेह असेल तर त्याने साखर काही काळ वाढू शकते, तेव्हा भूलतज्ज्ञांना आधी सांगा.

त्यांना आणखीही काही गोष्टी सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. घाटात गाडी लागते का, किंवा मागच्या भुलीच्या वेळी उलट्या झाल्या होत्या का? पेशंट बाई आहे का, सिगारेट-बिडी न ओढणारी आहे का, नंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं लागणार आहेत का? यातलं काहीच नसेल तर शंभरातल्या दहाएक जणांना त्रास होतो. चारही लागू पडलं तर ऐंशीएक जणांना. (न ओढणाऱ्यांना जास्त त्रास हे ऐकून एक गृहस्थ खूश झाले होते. त्यासाठी बिडी सुरू करू नये.)

घरच्या 'पॅन-डी'चं काय? त्यातलं डोमपेरिडोन आणि ऑन्डॅनसेट्रॉन, दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. डॉक्टरांना न विचारता एकावर दुसरं देऊ नका, हृदयविकाराच्या पेशंटला तर नाहीच. लहान मुलांना आणि तरुणांना मेटोक्लोप्रमाइड या उलटीच्याच औषधाने कधीकधी मान-जबडा आखडतो, म्हणून 'मागच्या वेळचं उरलेलं' हा प्रकारही नको. ही औषधं चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही; ओळखीच्यांनाही नाही.

त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना जिभेवर विरघळणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉनच्या गोळीबद्दल विचारून ठेवा. पाणी लागत नाही, गाडीत देता येते. हात कोरडे करून पट्टीतून काढायची आणि लगेच जिभेवर ठेवायची. काढून रुमालात बांधून ठेवली तर हवेतल्या ओलाव्याने तिचा भुगा होतो. चिठ्ठी असेल तर आम्ही ती यादीबरोबरच भरून देतो.

आता परतीबद्दल. उलटीची औषधं आम्ही वेगळ्या पांढऱ्या पाकिटात घालून देतो. ते पाकीट सिस्टरकडे राहू द्या आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, सिस्टरनी "आता नको" म्हटल्यावर आणा. पूर्ण पैसे मिळतील, त्याबदली दुसरी वस्तू घ्या असा आग्रह नाही. बिल मात्र हवं, कारण बॅच नंबर जुळवल्याशिवाय औषध पुन्हा कपाटात ठेवता येत नाही. कापलेली पट्टी चालत नाही. अँप्युल उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं दिसलं तर तेही नाही. यादीतलं अ‍ॅट्राक्युरियमसारखं फ्रिजमधलं औषध एकदा दुकानाबाहेर गेलं की परत घेत नाही, यावर वाद घालू नये. मधल्या वेळेत ते किती तापलं हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.

रात्री शटर बंद दिसलं तरी उजव्या बाजूची घंटा वाजवा, वर माणूस झोपलेला असतो. येताना सिस्टरची चिठ्ठी आणा, आणि ओटीत कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते तिच्यावर लिहून घ्या.