शिमग्याची सोंगं कपाटात ठेवण्याआधी

गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत गावकीच्या, म्हणजे कोकणातल्या एकेका गावच्या मंडळींच्या सामायिक, खोल्या आहेत. तिथल्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत शिमग्यातल्या संकासुराच्या सोंगाचा काळा झगा, मुखवटे, घुंगरांचे पट्टे, नमन या लोकनाट्याचे पोशाख असतात. त्यांचं खोलीतच छोटं संग्रहालय करायचं ठरवलंत, तर काचेचं कपाट आम्ही बनवून देतो. पण कपाट ही शेवटची पायरी.

मुंबईत खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात ती सहज 80 च्या पुढे जाते. मुखवटा वरून रंगीत दिसला तरी आत कागदाचा लगदा, खळ आणि खडूची पूड असते. खळ हे बुरशीचं आणि कसरीचं आवडतं खाद्य. म्हणून मुखवटा आधी उलटा करून पाहा. आत पांढुरके ठिपके, कडेला कुरतडल्याच्या खुणा किंवा बोटाला लागणारी भुकटी दिसली, तर तो इतर वस्तूंपासून लगेच वेगळा ठेवा. दमट हवेत लगदा फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. वरचा रंग तेवढा हलत नाही, म्हणून तडकून पोपडे निघतात.

ओलं फडकं अजिबात लावू नका, पोस्टर रंग पाण्याने सुटतो. नाकातोंडाला मास्क लावून, बाल्कनीत, मऊ ब्रशने धूळ झटका. पोपडे सुटलेल्या जागी ब्रशही नको. मुखवटा डोळ्याच्या भोकातून खिळ्याला टांगू नका, सगळं वजन त्या कडेवर येऊन तिथेच चीर जाते. आतून मांजरपाटात भरलेल्या कापसाची उशी द्या. मांजरपाट आधी दोनदा धुवा, नाहीतर त्याचीच खळ कसरीला बोलावते.

सुती पोशाखांत कीड असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड चिकटपट्टीने बंद करा आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका. घाई केली तर हवेतलं बाष्प थंड कापडावर जमून ते ओलं होतं. रंगवलेले मुखवटे मात्र फ्रीझरमध्ये नकोत. डांबराच्या गोळ्याही टाळा, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकचे मणी नरम पडतात.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांची एखादी पुडी पुरत नाही. संग्रहालयांत एका घनमीटरला 20 किलो असं प्रमाण धरतात. 3 फूट उंच, 2 फूट रुंद, 1 फूट खोल कपाटाला साधारण साडेतीन किलो होतं. कोरडी जेल थोडी थोडी घाला आणि दाण्यांच्या रंगावर न जाता आर्द्रतामापकाचा काटा पाहा. 50 ते 55 वर थांबा. काटा 40 च्या खाली गेला तर पुन्हा रंग तडकण्याची भीती. उजेड 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), आणि तोही माणसं बघायला आल्यावर.

फ्रेममधला जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या.

सोंग कोणी, कोणत्या वर्षी घेतलं हे जुन्या खेळ्यांना, म्हणजे सोंगं घेऊन नाचणाऱ्यांना, आत्ताच विचारा. नोंद मऊ पेन्सिलीने सुती फितीवर लिहून वस्तूला सैल बांधा. जो मुखवटा अजून दरवर्षी फाल्गुनात गावी नाचतो, तो मानकऱ्यांच्या संमतीशिवाय कपाटात घालू नका. नाचण्यासाठी नवा तयार झाला की मगच जुन्याची उंची, रुंदी आणि खोली मोजून आम्हाला कळवा. चारी बाजूंनी दोन इंच मोकळी जागा सोडून कपाट बांधता येतं.