सर्व्हरची नवी रॅम : वेग, वीज आणि एक खाच

"डीडीआर५ टाकली की लाइट बिल किती कमी येईल?" हल्ली दुकानात हा प्रश्न हमखास येतो. डीडीआर५ म्हणजे रॅमची नवी पिढी, डीडीआर४ तिच्या आधीची. म्हणून हे पत्रक.

डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर५ला १.१. फरक किरकोळ दिसतो, पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) हिशोबाने लागते. वेग तोच ठेवला तर साधारण १६ टक्के बचत. मात्र वेग तोच ठेवायला नवी रॅम घेतो कोण? डीडीआर४ सर्व्हरमध्ये सेकंदाला ३२०० मेगाट्रान्सफरला (म्हणजे ३२०० दशलक्ष वेळा डेटाची ने-आण) थांबली, डीडीआर५ सुरूच ४८००पासून झाली. एका मॉड्यूलमधून (रॅमच्या एका पट्टीतून) सेकंदाला २५.६ जीबी जायचे, तिथे ३८.४ जातात. वाचलेली बरीचशी वीज हा वेगच खातो. तेवढ्या विजेत काम जास्त होतं, एवढंच आम्ही छातीठोकपणे सांगू. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरचे १० वॉट जरी वाचले, तरी वर्षाला ८८ युनिटच्या आसपास. एसीचं तापमान नीट लावलंत तरी तेवढं सुटेल!

शिवाय पहिली नोंद हाती यायला लागणारा वेळ कमी झालेला नाही. ३२००च्या सीएल२२ रॅमला (सीएल म्हणजे त्यासाठी लागणारे क्लॉकचे ठोके) १३.७५ नॅनोसेकंद, तर ४८००च्या सीएल४० रॅमला सुमारे १६.७. चार जण टॅलीत एंट्री करत असतील तर फरक कळणारही नाही. सात-आठ व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) किंवा मोठा डेटाबेस असेल, तर कळेल.

खरी गंमत चॅनेलची आहे. चॅनेल म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधली वाट. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरला आठ चॅनेल असतात, एएमडीच्या एपिक ९००४ला बारा. झिऑनवर १२८ जीबी हवी म्हणून ६४च्या दोन लावल्या, तर सहा चॅनेल रिकामे बसतात. १६च्या आठ लावा. वीज थोडी जास्त जाईल, जाऊ द्या. वेगाचे पैसे मोजलेत ना? एका चॅनेलवर दोन-दोन लावल्या तर याच झिऑनवर वेग ४४००वर येतो, हेही ध्यानात असू द्या.

आता खाच. पिना दोन्हीला २८८च, पण खाचेची जागा वेगळी. गेल्या वर्षी एकांनी ऑनलाइन मागवलेली डीडीआर५ जुन्या सर्व्हरमध्ये अंगठ्याने दाबून बसवायचा प्रयत्न केला. स्लॉटची कडा तुटली आणि मदरबोर्डच बदलावा लागला. डेस्कटॉपची डीडीआर५ही सर्व्हरला चालत नाही: ती बोर्डाकडून ५ व्होल्ट घेते, सर्व्हरची रजिस्टर्ड (रजिस्टर चिप असलेली) रॅम १२; चिपसाठीचे १.१ व्होल्ट पुढे मॉड्यूलवरच होतात.

ऑर्डरआधी सर्व्हर बंद करून एक मॉड्यूल काढा आणि लेबलचा फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. मॉडेल नंबरही लिहा.